ट्रॅक्टरचा ऑइल लाइट: स्विच बदलायच्या आधी डिपस्टिक पाहा

भाऊ, इंजिन तापलं की स्लोमध्ये ऑइल प्रेशरची लाइट लुकलुकते अन रेस दिली की विझते म्हणता, त्यावर एकानं सरळ तिचा स्विच (इंजिनवरचा, ऑइलच्या प्रेशरनं चालणारा) बदला म्हटलं, पण थांबा न जरा. वखरणीच्या टायमाले माह्या ट्रॅक्टरनं हेच केलं होतं, दोन स्विच फुकट गेले! ट्रॅक्टर सपाट जागी बंद करून १० मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची लेवल दाखवणारी पट्टी) पाहा, लेवल वाढलेली दिसली अन डिझेलचा वास आला तर ऑइलमधी डिझेल जाऊन ते पातळ झालं समजा, माह्यात फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम म्हणजे आतला पडदा फाटला होता. लेवल बरोबर असन तर स्विचची वायर काढा, तरी लाइट जळतच राहिला तर वायर बॉडीले लागून आहे. विझला तर स्विचच्या जागी प्रेशर गेज (ऑइलचं प्रेशर मोजणारं मीटर) लावून घ्या, मगच काय ते ठरवा. अन लाइट सलग जळत असला तर इंजिन चालवूच नका बापा, बेरिंगं गेले तं कपाशीचे पैसे तिथंच जातीन.