मानेच्या ऑपरेशननंतरचे नसांचे दुर्मीळ त्रास: काय दिसतं, किती वेळ हातात असतो?

कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी नाहीतर मुंबईला ऑपरेशन होतं आणि माणूस काही दिवसांत कोकणात गावी येतो. मग काही बिघडलं तर मध्ये घाट. म्हणून जाणकारांनी नेमकं लिहावं.

फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी
मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर सी-५ नस, म्हणजे मानेतून खांद्याकडे जाणारी नस बघा. दोन-तीन दिवस हात ठीक असतो आणि मग एके सकाळी खांद्यातून उचलतच नाही. शर्टाच्या बाहीत जात नाही, कोपर वाकवायला जोर नसतो, पण मूठ मात्र घट्ट वळते. दाब सुटल्यावर मज्जारज्जू मागे सरकतो नि ही नस ताणली जाते, असं बरेच सर्जन मानतात. त्याच दिवशी कळवा. बहुतेकांचा हात काही महिन्यांत परततो. तोवर तो लोंबकळू देऊ नका, कोपराखाली उशी ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्याने धरून हळू फिरवायचा, नाहीतर खांदा आखडतो. काखेत हात घालून रुग्णाला उठवणं तर नकोच.

स्टाफ नर्स, कणकवली
सी-५ला दिवस मिळतात, मणक्याच्या आत साचून मज्जारज्जूवर दाबणाऱ्या रक्ताच्या गाठीला फक्त तास. बहुधा पहिल्या दिवसातच हातपाय जड होत जातात, बधिरपणा वाढतो, लघवी अडते. ‘भूल उतरत असेल’ म्हणून नातेवाईक गप्प बसतात, तसं बसू नका. पायाचा अंगठा वर-खाली करायला सांगत राहा. मघाशी हलत होता आणि आता हलत नाही, तर लगेच डॉक्टरांना बोलवा. तातडीने एमआरआय आणि पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. समोरून ऑपरेशन झालेल्याचा गळा सुजून श्वास घरघरला तर मिनिटंच उरतात. घरी असाल तर १०८.

स्पीच थेरपिस्ट, चिपळूण
समोरून ऑपरेशन होऊन आवाज बसला असेल तर पातळ पेज देऊ नका. स्वरयंत्राची नस दुखावली की स्वरतंतू नीट मिटत नाही आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो. घट्ट गुरगुट्या भात, अर्धा-अर्धा चमचा, ताठ बसवून. घोटानंतर आवाज ओला, खळखळता आला की थांबा.

फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी
एक राहिलं. समोरच्याच ऑपरेशनात सिम्पथेटिक नस (पापणी, बाहुली नि घाम सांभाळणारी) दुखावली तर त्या बाजूची पापणी उतरते, बाहुली बारीक होते. आपल्या उकाड्यात अर्धा चेहरा घामाने निथळतो नि अर्धा कोरडा राहतो. फोटो काढून सर्जनला पाठवा.