जुनी वाहनं : स्वतः बसून अनुभवलेली, जगातली कुठलीही (अनुभव धागा)

मागच्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला गेलो होतो. तिथल्या सरोवरात वाफेवर चालणाऱ्या पाच जुन्या पॅडल स्टीमर (बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी ढकलत जाणाऱ्या बोटी) अजून रोजच्या वेळापत्रकात धावतात, म्हणजे तिकीट काढायचं, बसायचं आणि पलीकडच्या गावात उतरायचं. सगळ्यात जुनी 'उरी', १९०१ ची. आम्हाला मिळाली 'श्टाट ल्युसर्न', १९२८ ची. डेकच्या मधोमध मोठी जागा उघडी ठेवलीये, कठड्याला टेकून खाली बघितलं की अख्खं इंजिन समोर! जाडजूड चकचकीत दांडे पुढेमागे होतायत, क्रँक फिरतोय, गरम तेलाचा वास येतोय आणि एक इंजिनवाला तेलाची बुधली घेऊन त्या फिरत्या भागांत नेमकी वेळ साधून हात घालतो, बेअरिंग तापलंय का चाचपतो, हात काढतो, पुढच्याकडे जातो. धक्का जवळ आला की इंजिन थांबतं, मग उलटं फिरतं, चाकांखालचं पाणी ढवळून निघतं आणि बोट अलगद लागते. कोळसा आता नाही, बॉयलर तेलावर चालतात. बाहेर आल्प्स होते तरी माझी आठवीतली मुलगी कठडा सोडायला तयार नव्हती.

जुनं वाहन चालतं ठेवणं हे ते पॉलिश करून उभं करण्यापेक्षा फार अवघड काम आहे आणि ते करणाऱ्या माणसांबद्दल आपण फारसं बोलत नाही असं मला फार वाटतं, म्हणून हा धागा. गाडी, ट्राम, बस, बोट काहीही चालेल, देश कुठलाही, फक्त ऐकीव नको. लिहा!

मेलबर्नकर:
वा, मस्त विषय. आमच्याकडची पफिंग बिली. बेलग्रेव्ह ते गेमब्रुक, डोंगरातली छोटी लाइन, १९०० साली सुरू झालेली. १९५३ ला दरड कोसळली, मग सरकारने लाइन बंदच करून टाकली, पण लोकांनी १९५५ मध्ये संस्था काढली आणि टप्प्याटप्प्याने ती परत उभी केली, गेमब्रुकपर्यंत शेवटचा टप्पा व्हायला १९९८ उजाडलं. म्हणजे बघा, ज्यांनी सुरुवात केली त्यातले कितीतरी जण शेवटचा टप्पा बघायला राहिलेही नसतील. माझा नवरा तिथे स्वयंसेवक म्हणून जातो, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरसमोर आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून गणवेश घालून स्टेशनवर हजर. त्याला शिकवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत आणि इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून आज चढावर त्रास देणार का ते सांगतात. मुलं डब्याच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडतात आणि गाडी त्या लाकडी पुलावर आली की खालच्या रस्त्यावरचे लोक हात करतात. लाइन फक्त अडीच फुटी आहे, म्हणजे दोन रुळांतलं अंतर तेवढंच.

बार्शीवाला:
मेलबर्नकर ताई, अडीच फूट वाचलं आणि राहवलं नाही. आमची बार्शी लाइट पण अडीच फुटीच की! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ ला चालू केली, तुमच्या लाइनच्या तीन वर्षं आधी, आणि छोट्या रुळावर पण जड माल नेता येतो हे त्यानं दाखवून दिलं, फक्त वजन सगळ्या ॲक्सलवर नीट वाटून द्यायचं. ह्याच माणसानं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट पण तयार केलं. आमची आजी कुर्डुवाडीहून पंढरपूरला ह्याच गाडीनं जायची, आषाढीला डबे भरून टपावर पण माणसं, चढाला गाडी इतकी हळू की पोरं उतरून बाजूनं चालायची आणि परत चढायची. मी लहान असताना बसलोय, लाकडी बाकडी आणि खिडकीतून आलेली ज्वारीच्या कणसांची पानं एवढं पक्कं आठवतंय. आता ब्रॉडगेज झाली, सोय झाली, कबूल आहे. पण एखादा तुकडा मेलबर्नसारखा ठेवायला पाहिजे होता असं मनापासून वाटतं, आमच्याकडं कुर्डुवाडीला वर्कशॉप होतं, हाताला काम येणारी माणसं होती.

बे एरियातून:
सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार. पाहुणे आले की नेतोच. बऱ्याच जणांना वाटतं की आत मोटर असेल, पण गाडीला इंजिनच नाही. रस्त्याखालून पोलादी दोर सतत तासाला साधारण १५ किमी वेगानं पळत असतो आणि ग्रिपमन मोठा लिव्हर ओढून तो दोर चिमट्यात धरतो की गाडी निघते, सोडला की ब्रेक. त्यातला एक ब्रेक चक्क लाकडाचा, ठोकळे रुळावर दाबले जातात, उतारावर जळक्या लाकडाचा वास येतो तो त्याचाच. एका ग्रिपमनच्या शेजारी उभा होतो, अख्खं अंग मागे टाकून तो लिव्हर ओढत होता, आणि जिथे दुसऱ्या लाइनचा दोर आडवा जातो तिथे बरोबर आधी पकड सोडून गाडी घरंगळत पुढे नेऊन परत पकडत होता. नुसत्या ताकदीचं काम नाही ते, अंदाज लागतो. १९९८ मध्ये फॅनी मे बार्न्स ही पहिली बाई ग्रिपवर आली. आणि १९४७ ला मेयरने ह्या गाड्या मोडीत काढायचं ठरवलं होतं, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन नावाच्या बाईंनी शहरातल्या बायकांच्या संघटना एकत्र करून मतदान घडवून आणलं आणि गाड्या वाचल्या. वॉशिंग्टन आणि मेसनच्या कोपऱ्यावर म्युझियम आहे, तिथे ते दोर ओढणारी प्रचंड चाकं फिरताना दिसतात, प्रवेश फुकट, चुकवू नका.

तोक्योहून:
हिरोशिमाची ट्राम. ६५१ आणि ६५२ नंबरचे डबे १९४२ चे, अणुबॉम्ब पडला तेव्हा शहरातच होते, दुरुस्त होऊन परत धावायला लागले. ६ ऑगस्टला बॉम्ब पडला आणि ९ ऑगस्टला एका छोट्या टप्प्यावर ट्राम सुरू झाली होती! पुरुष युद्धावर गेलेले, म्हणून ट्राम कंपनीच्या शाळेतल्या मुलीच कंडक्टर आणि ड्रायव्हर होत्या, चौदा-सोळा वर्षांच्या. ६५१ मध्ये बसायचं म्हणून मी थांब्यावर बराच वेळ थांबून राहिलो. आत काही विशेष नाही, ऑफिसला जाणारे लोक, शाळेची मुलं, कोणी फोन बघतंय. मी मात्र लाकडी फरशीकडे बघत बसलो आणि उतरायचा थांबा मागे गेला तरी उठलो नाही.

वेंगुर्ल्याची आजी (नातीकडून टाइप करून घेतेय):
आमच्या वेळची कोकण बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत खाली. 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती' ही नावं अजून तोंडात आहेत. ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं डेकवर, चादर टाकून जागा धरायची. खरी परीक्षा उतरताना, बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि खालून पडाव (छोटी होडी) यायचा, तो लाटेबरोबर वरखाली. खलाशी ओरडायचा "आता!" की पाऊल टाकायचं. माझी धाकटी तान्ही होती, त्या खलाशाने आधी तिला माझ्या हातातून घेतलं, मग मला हात दिला. पावसाळ्यात आमच्या लांबच्या बोटी बंद. १९४७ च्या जुलैत मुंबईहून जवळच्या रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यामुळे आमची सासू बोट सुटेपर्यंत हात जोडून उभी असायची.

स्टॉकहोम:
माझं थोडं वेगळं मत. आमच्याकडचं वासा हे लढाऊ जहाज १६२८ ला पहिल्याच सफरीत दीडेक किलोमीटरसुद्धा न जाता बुडालं, वारा आला, कललं, उघड्या तोफांच्या झरोक्यांतून पाणी शिरलं. १९६१ ला वर काढलं. बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड खाणारा किडा तिथे टिकत नाही म्हणून ते शाबूत राहिलं, आणि वर काढल्यावर सतरा वर्षं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल (लाकूड टिकवणारं रसायन) फवारत होते. हे कधीच चालणार नाही, तरी मला ते जिवंतच वाटतं. त्याची निगा राखणारे पण रोज कामावर येतातच ना.

गिरगावकर:
वडिलांची काळीपिवळी पद्मिनी होती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मीटर बाहेर डाव्या बाजूला, हात बाहेर काढून पाडला की 'टिंग'. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला पासिंग झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिझेलची डबलडेकर बस पण गेली. बाबा दोन्ही बातम्या कापून ठेवून बसले होते. गाडीचा कार्बुरेटर ते वर्तमानपत्र पसरून त्यावर खोलायचे, जेट तोंडाने फुंकून साफ करायचे, मला टॉर्च धरायला बसवायचे आणि प्रत्येक स्क्रू काढल्या क्रमाने ओळीत मांडायला लावायचे. आज मी मशीन शॉपमध्ये आहे ते त्यामुळेच.

बार्शीवाला:
ताई, डिसेंबर-जानेवारीत मेलबर्नला भावाकडं येणारोय. पफिंग बिलीला आधी बुकिंग लागतं का?

मेलबर्नकर:
हो, शाळांच्या सुट्ट्या असतात तेव्हा, नक्की करा. फ्लिंडर्स स्ट्रीटहून बेलग्रेव्हची लोकल पकडा, सव्वा तास धरा, पफिंग बिलीचं स्टेशन तिथून चालत. फक्त एक, कडक उन्हाळ्यात टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला सरकारी बंदी) लागला की ठिणग्यांनी वणवा पेटेल म्हणून डिझेल इंजिन लावतात. वाफेचंच बघायचं असेल तर हवामान बघून दिवस ठरवा, आणि येण्याआधी निरोप टाका, नवरा ड्यूटीवर असेल तो दिवस सांगते.