शब्दांमधलं अंतर: अट हवी की फक्त गुण?

कुळागर (फोंडा)
आमच्या वाचनालयातले जुने मराठी अंक स्कॅन करून इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीवर चढवलेत, एक अंक म्हणजे एक नोंद. 'जनमत कौल' टाकलं की गोव्याच्या विलीनीकरणावर झालेल्या १६ जानेवारी १९६७ च्या मतदानावरचे लेख वर यायला हवेत. येतात मात्र देवळात कौल लावल्याच्या बातम्या आणि कौलांच्या जाहिराती. निकालांना गुण देणारं बीएम२५ हे सूत्र शब्द किती वेळा आला, किती दुर्मीळ आहे आणि मजकूर किती लांब आहे एवढंच पाहतं. दोन शब्द शेजारी आहेत की चार पानं लांब, याचा त्याला पत्ता नसतो. माझं मत ठाम आहे: अंतराची अटच घालावी, स्लॉप ३, म्हणजे दोन शब्दांमध्ये जास्तीत जास्त तीन शब्द. त्यापलीकडचं दिसूच नये.

मांडवीकाठ (पणजी)
माझा विरोध. अट घातली की जे गळलं ते गळलं, वाचकाला कळतसुद्धा नाही. 'मांडवी पूल कोसळला' शोधायचंय समजा. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला पडला. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'मांडवी' आणि 'कोसळला' यांच्यामध्ये तारीख, वेळ, वाहनं, सगळं बसतं. स्लॉप ३ मध्ये ते मावेल? आधी सगळे शब्द असलेल्या नोंदी घ्या, मग वरच्या काहीशे नोंदींना जवळिकीचे गुण देऊन पुन्हा क्रम लावा. इलॅस्टिकसर्चमधली रिस्कोअर ही सोय त्यासाठीच आहे. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांच्या १९९८ च्या गूगलवरच्या निबंधातही जवळिकीचे १० टप्पे आहेत, सलग शब्दांपासून पार दूरच्यांपर्यंत, आणि ते गुणांत धरलेत.

कुळागर
क्रम लावून वाचणाऱ्याचं भागतं, मोजणाऱ्याचं नाही. कुठल्या वर्षी या विषयावर किती लेख आले हे काढायचं तर पहिला निकाल आणि चारशेवा निकाल सारखाच मोजला जातो. देवळाच्या बातम्या त्या आकड्यात शिरल्या की अभ्यासच चुकला.

रानवाट (वाळपई)
स्लॉपवर वाद घालताय, पण शब्दांच्या जागा तरी बरोबर नोंदल्या गेल्यात का? जुन्या पानांवर बारीक स्तंभ असतात. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीने, ओळ स्तंभ ओलांडून आडवी वाचली तर एका स्तंभातलं 'जनमत' आणि पलीकडच्या जत्रेच्या बातमीतला 'कौल' शेजारी-शेजारी येतात. स्लॉप शून्य ठेवलात तरी ते जुळणार! आधी स्तंभ तोडा, प्रत्येक बातमीची वेगळी नोंद करा. मग प्रत्यय. 'जनमताच्या कौलाने' मूळ रूपाला आणलं नाही तर अंतर मोजायला शब्दच हाती लागत नाहीत. शिवाय 'कौल जनमताचा' असा उलटा मथळा असेल तर इलॅस्टिकसर्चच्या आतलं ल्युसीन हे शोधइंजिन त्या अदलाबदलीला स्लॉप २ धरतं. स्लॉप १ ठेवणाऱ्याला तो मथळा कधीच दिसणार नाही.

मांडवीकाठ
स्तंभांचं अगदी खरं. पण बातम्या सुट्या केल्यावर अट हवीच कशाला? दहा ओळींच्या बातमीत दोन्ही शब्द आहेत म्हणजे विषय बहुधा तोच.

कुळागर
दहा ओळींना नको. विधानसभेच्या वृत्तांताचं काय? एकाच लांबलचक मजकुरात जनमत, मुंडकार, खाणी, पंचायतीचा कौल, सगळं येतं. तिथे अट राहणारच. स्लॉप १५ पर्यंत नेतो, त्यापुढे नाही.

मांडवीकाठ
१५ चालेल. पण निकालांच्या वरच, ठळक अक्षरांत 'दूरचे निकालही दाखवा' असं बटण द्या, आणि अटीमुळे किती नोंदी लपल्या तो आकडा शेजारी छापा. तेवढ्यावर मी तडजोड करणार नाही.