नावं लपवा, पण योजना कशाला लपवता? (ब्रिटनचा गुप्त अफगाण मार्ग)

थेम्सकाठचा

१५ जुलै २०२५ला दुपारी बारा वाजता लंडनच्या हायकोर्टाने एक मनाई हुकूम उठवला. त्याच दुपारी संरक्षणमंत्री जॉन हीली यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवेदन केलं, आणि एप्रिल २०२४पासून सरकार माहिती फुटल्यामुळे धोक्यात आलेल्या अफगाणांना ब्रिटनमध्ये आणायची 'अफगाणिस्तान रिस्पॉन्स रूट' नावाची योजना चालवतंय हे सभागृहाला पहिल्यांदा कळलं. सव्वा वर्ष विमानं येत होती, घरं दिली जात होती, पैसे खर्च होत होते आणि ज्यांनी तो खर्च मंजूर करायचा त्यांना पत्ताच नाही.

ज्यांनी तेव्हा बातम्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२१मध्ये काबूल पडलं. ब्रिटिश सैन्याबरोबर दुभाषे म्हणून किंवा इतर कामं केलेल्यांसाठी 'अराप' ही स्थलांतर योजना होतीच. फेब्रुवारी २०२२मध्ये संरक्षण खात्यातल्या कोणीतरी एक स्प्रेडशीट ईमेलने भलतीकडे पाठवली. पाठवणाऱ्याला वाटलं थोडीशीच नावं आहेत. प्रत्यक्षात त्यात १८,७१४ अर्जदारांची माहिती होती. ऑगस्ट २०२३मध्ये त्यातला तुकडा फेसबुकवर दिसला तेव्हा खातं जागं झालं. १ सप्टेंबर २०२३ला कोर्टाने जो हुकूम दिला तो साधा नव्हता. बातमी छापायची नाही, आणि छापायची नाही असा हुकूम आहे हेही सांगायचं नाही. तोही साऱ्या जगावर बंधनकारक. (ऑगस्टअखेरपर्यंत संरक्षणमंत्री असलेले बेन वॉलेस म्हणतात, आपण साधाच हुकूम मागितला होता.)

माझा आक्षेप लोकांना आणण्यावर नाही, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात मला कोणत्या तरी पक्षात ढकललं जाईल. त्या माणसांना आणायलाच हवं होतं. चूक सरकारची, जीव त्यांचा. मी २०२२मध्ये एका हॉटेलात ठेवलेल्या अफगाण कुटुंबांना शनिवारी इंग्रजी शिकवायला जायचो, त्यामुळे हे लोक माझ्यासाठी निव्वळ आकडा नाहीत.

आक्षेप पद्धतीवर आहे. १९७१च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे इथले इमिग्रेशनचे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात आणि कोणतंही सभागृह ४० दिवसांत ते नामंजूर करू शकतं. ही योजना त्या नियमांत कुठेच नव्हती. नावं गुप्त ठेवा, यादी फुटली हेही काही महिने गुप्त ठेवा. पण 'आम्ही इतके लोक आणतोय, इतका खर्च येईल' एवढं तरी? संसदेची गुप्तचर आणि सुरक्षा समिती आहे, दोन्ही सभागृहांचे मिळून नऊ सदस्य. गुप्त कागद बघण्यासाठीच ती नेमलेली. त्यांनाही कळवलं नाही. समितीचे अध्यक्ष लॉर्ड बीमिश यांनी नंतर यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. खटला ऐकणारे न्यायमूर्ती चेंबरलेन यांनीही लोकशाहीतली जाब विचारायची नेहमीची यंत्रणा इथे बाजूला पडली, असं निकालपत्रात नोंदवलंय.

तुम्हाला काय वाटतं? भारतातल्यांनीही लिहा, फक्त धागा तिकडे पळवू नका.

---

कऱ्हाडचा पाहुणा

पूर्ण असहमत.

साहेब, तुम्ही ब्रिटिश खासदारांना ओळखत नाही असं दिसतं. तिथे सभागृहात बोललेल्या शब्दावर कुठलंही कोर्ट कारवाई करू शकत नाही, १६८९पासूनचा हक्क आहे तो. २०११मध्ये एका फुटबॉलपटूच्या भानगडीवर असाच हुकूम होता. एका खासदाराने उठून सभागृहात नाव घेतलं आणि विषय संपला. तिथे फार तर एकाची अब्रू गेली. इथे तालिबानच्या हाती यादी लागली असती. ६५० जणांच्या पोटात एक गोष्ट राहील असं तुम्हाला खरंच वाटतं? आमच्या सोसायटीच्या कमिटीत सात जण आहेत, पाण्याच्या टँकरचा भाव मीटिंग संपायच्या आत तळमजल्यावर पोचतो.

दुसरं, जे हीली विरोधी पक्षात असताना डिसेंबर २०२३मध्ये त्यांना हे सांगण्यात आलं (आणि सांगताना हातात तोच मनाई हुकूम ठेवला) तेच हीली जुलै २०२४मध्ये मंत्री झाले. आल्या आल्या उठवला का हुकूम? नाही. आणखी वर्षभर चालू ठेवला. म्हणजे खुर्चीत बसून कागद वाचल्यावर त्यांनाही धोका पटला.

---

थेम्सकाठचा

किंवा खुर्चीत बसल्यावर खुर्ची पटली.

---

कऱ्हाडचा पाहुणा

हा टोमणा झाला, उत्तर नाही.

---

गार्गी नि.

मी वेगळ्याच बाजूने असहमत आहे. धागाकर्त्यांनी गृहीत धरलंय की संसदेला कळलं असतं तर काहीतरी चांगलं झालं असतं. इतिहास तसं सांगत नाही.

१९६८. केनियातले भारतीय वंशाचे लोक, हातात ब्रिटिश पासपोर्ट, तिथलं आफ्रिकीकरणाचं धोरण नको म्हणून निघालेले. जेम्स कॅलहन गृहमंत्री. २७ फेब्रुवारीला कॉमनवेल्थ इमिग्रंट्स विधेयक चर्चेला आलं, १ मार्चला कायदा झाला. तीन दिवस! काहीही गुप्त नव्हतं. सगळं उघड, भाषणं छापलेली, मतदान मोजलेलं. आणि त्या उघड प्रक्रियेतून काय बाहेर पडलं? आपल्याच नागरिकांना दार बंद, वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांचे परवाने. पुढे युरोपियन मानवाधिकार आयोगाने १९७३मध्ये म्हटलं की वंशावरून केलेली ही वागणूक माणसाला हीन लेखणारी होती. म्हणजे सभागृहाला लाज वाटायला बाहेरचं कोणीतरी लागलं.

आता २०२४ बघा. जुलै-ऑगस्टमध्ये साउथपोर्टमधल्या मुलींच्या हत्येनंतर मशिदीवर दगड, आश्रयार्थींच्या हॉटेलांना आग लावायचा प्रयत्न. त्या हवेत कोणी सभागृहात उभं राहून 'आणखी हजारो अफगाण येणार आहेत' म्हणालं असतं तर योजना आठवडाभर तरी टिकली असती का? मला गुपित आवडतं असं नाही. पण ज्यांना विमानात बसायला मिळालं ते त्या गुपितामुळे बसले असतील, ही शक्यता तुम्ही फार पटकन ओलांडून पुढे गेलात.

---

अनामिक वाचक

गार्गीताईंना +१

---

मडगांवकर

गार्गी, १९६८ सांगितलंत, मग १९७२ का सोडलंत?

आमच्या वाड्यावर शेजारच्या घरातले एक अंकल एंटेबीला सरकारी कचेरीत कारकून होते. युगांडाच्या त्या कचेऱ्यांत गोंयकार पुष्कळ, लिहिणं-हिशेब चोख म्हणून. तिथला हुकूमशहा इदी अमीन याने ऑगस्ट १९७२मध्ये आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली आणि अंकल दोन बॅगा घेऊन इंग्लंडात उतरले, सफकमधल्या स्ट्रॅडिशॉलच्या जुन्या विमानतळाच्या छावणीत. नोव्हेंबरातली थंडी आणि तिथलं मिळमिळीत जेवण यावर ते मरेपर्यंत बोलत. सरकारबद्दल मात्र कधी वाईट बोलले नाहीत.

पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने हे सगळं उघड केलं. स्थलांतरविरोधी खासदार इनॉक पॉवेल सभागृहात आणि बाहेर ओरडत होता, लेस्टर महापालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात 'आमच्याकडे येऊ नका' अशी जाहिरात दिली होती. तरी सुमारे २८,००० लोक आले. पुनर्वसनासाठी मंडळ नेमलं, त्याचं नाव सगळ्यांना माहीत, तक्रार कुठे करायची ते माहीत. त्याच नोव्हेंबरात कॉमन्सने सरकारचे नवे इमिग्रेशन नियम हाणून पाडले, म्हणजे संसद काही झोपली नव्हती. (ते नियम पाडण्याची कारणं वेगळी होती आणि फारशी उदात्तही नव्हती, तो विषय वेगळा.)

उघडपणे करूनही माणसं वाचवता येतात, एवढंच मला म्हणायचंय. हीथकडे धमक होती.

---

गार्गी नि.

मुद्दा मान्य. पण युगांडाच्या लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते आणि काही ठिकाणी घेणारे नातेवाईकही. कायदेशीर जबाबदारी टाळता येत नव्हती. अफगाण दुभाष्याकडे काय होतं? एक शिफारसपत्र. आणि त्याचं नाव ब्रिटिशांनीच फोडलेलं.

---

हिशेबनीस

मी इंग्लंडात एका कौन्सिलच्या वित्त विभागात आहे, म्हणून फक्त पैशाबद्दल लिहितो.

हीलींनी सांगितलेले आकडे: या मार्गावर तोवर सुमारे ४० कोटी पौंड खर्च, एकूण अंदाज ८५ कोटी, लोक सुमारे ६,९००. भागाकार केला तर माणशी साधारण १ लाख २३ हजार पौंड. आता हा आकडा बरोबर की चूक? सप्टेंबर २०२५मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. त्यांचं म्हणणं, या ८५ कोटींवर भरवसा ठेवावा इतका पुरावा खात्याने दिलेला नाही. शिवाय कोर्टकचेरी आणि नुकसानभरपाई त्यात धरलेलीच नाही.

गुपिताचा खरा तोटा मला इथे दिसतो. कोणी विचारणार नाही हे माहीत असलं की हिशेब ढिला होतो. यात लबाडी असेलच असं नाही, माणसाचा स्वभाव आहे. आमच्याकडे दर तिमाहीला समितीपुढे कागद जातात म्हणून आम्ही पावत्या जपतो. समिती नसती तर आम्हीही चहाच्या कपाखाली घेतल्या असत्या.

आणि कऱ्हाडचे पाहुणे, खर्चाची चौकशी करायला एकाही अफगाणाचं नाव लागत नाही.

---

कऱ्हाडचा पाहुणा

नाव लागत नाही, पण आकडा लागतो. 'अफगाणांसाठी ८५ कोटी, कारण सांगता येत नाही' असं अंदाजपत्रकात लिहिलं की पत्रकार दुपारपर्यंत कारण शोधतो. तुमच्या नऊ जणांच्या समितीला सांगितलं असतं असं धरू. ते काय करणार? बोलू शकत नाहीत, मत देऊ शकत नाहीत. पहिल्या प्रश्नाला मंत्री म्हणणार, कोर्टाचा हुकूम आहे. देखरेखीचं नाटक तेवढं झालं असतं.

---

विदर्भी

इंग्लंडचं ठीक आहे. आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदाच नाही. सप्टेंबर २०१५मध्ये गृहखात्याने अधिसूचना काढून बांगलादेश-पाकिस्तानातून आलेल्या ठराविक धर्मांच्या लोकांना सूट दिली, आधी अधिसूचना, मग २०१६चं विधेयक, मग संयुक्त समिती, मग २०१९चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा, आणि त्याचे नियम मार्च २०२४मध्ये. आता सप्टेंबर २०२५च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४पर्यंत आलेल्यांना राहण्यापुरती सूट. संसदेत चर्चा होऊन ठरली ती २०१४पर्यंत आलेल्यांसाठीची तारीख, नवी तारीख आली आदेशातून. यावर एक धागा काढा की.

---

थेम्सकाठचा

काढा, येतो तिकडे. इथे नको.

---

आजोळ कोल्हापूर

अवांतर: निर्वासितांच्या धाग्यावर अजून कोणी कोल्हापूरजवळची वळिवडेची निर्वासित छावणी काढली नाही हे पाहून काळजी वाटली, म्हणून मीच विषय काढतो. १९४३ ते १९४८, सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं. आजी सांगायची त्यांच्या बेकरीबद्दल. पण तिथे विचारायला संसदच नव्हती, त्यामुळे कुणाच्याच बाजूने वापरता येत नाही.

जरा विषयाला धरून: १९७१मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी आपल्या प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. वडिलांच्या जुन्या पत्रांवर आहे अजून. कर आधी वटहुकमाने आला हे खरं, पण पत्र टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं आपण कशासाठी ५ पैसे देतोय. लोक कुरकुरले, दिले.

---

थेम्सकाठचा

५ पैशांचं तिकीट! याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं, आभार.

कऱ्हाडचे पाहुणे आणि गार्गी, दोघांना एकत्र लिहितो. खासदारांकडून फुटलं असतं हे मी थोडं मान्य करतो. १९६८चा मुद्दाही बोचला, कारण खरा आहे. संसदेला विचारलं की संसद दयाळू होते असा माझा दावा आता मी करणार नाही, आधी सुरात तो होता.

पण एक गोष्ट तुम्ही दोघांनीही घेतली नाही. हे गुपित फक्त खासदारांपासून नव्हतं. ज्यांची नावं त्या यादीत होती त्यांतल्या बहुतेकांनाही कळवलेलं नव्हतं. ऑगस्ट २०२३ला सरकारला कळलं, अर्जदारांना ईमेल गेले ते १५ जुलै २०२५ला. जवळजवळ दोन वर्षं एखादा माणूस कंदहारमध्ये तोच फोन, तोच पत्ता घेऊन बसला होता. आणि त्याच दिवशी योजना बंद. हुकूम उठला तो कशावर? २०२५च्या सुरुवातीला हीलींनी पॉल रिमर या निवृत्त अधिकाऱ्याला आढावा घ्यायला सांगितलं. त्यांचा निष्कर्ष असा की तालिबानकडे आधीच एवढी माहिती आहे की या यादीने धोका फारसा वाढत नाही. हा आढावा २०२४मध्ये का नाही घेतला? चेंबरलेन यांनी तर मे २०२४मध्येच हुकूम उठवायचं ठरवलं होतं, अपील कोर्टाने तो टिकवला. त्या नऊ जणांपैकी एकाने बंद दाराआड एवढंच विचारलं असतं, 'शेवटचं मूल्यांकन कधीचं आहे?', तर? ते नाटक नसतं, पाहुणे.

---

गार्गी नि.

यादीतल्या लोकांना न सांगणं, याचं समर्थन मी करू शकत नाही. करणारही नाही. बाकी मत कायम.

---

कऱ्हाडचा पाहुणा

समजा, कळवलं असतं. १८,७१४ जणांना ईमेल. त्यातला एक तरी घाबरून चुलतभावाला पाठवणारच, चुलतभाऊ व्हॉट्सअॅपवर. संध्याकाळी तालिबान त्या यादीच्या मागे. मग तुम्हीच धागा काढला असता, सरकारने बेजबाबदारपणे ईमेल का पाठवले म्हणून.

---

थेम्सकाठचा

काढला असता कदाचित. पण तोवर निदान त्याने फोन तरी बदलला असता.

---

मडगांवकर

आणि गाव. अंकलना ९० दिवस मिळाले होते. अमीनने निदान तारीख सांगितली होती.