‘नायट्रोजनयुक्त’ की ‘नायट्रोजनजडित’?

प्रश्न : सुपरकपॅसिटरच्या (वीज झटपट साठवणाऱ्या आणि सोडणाऱ्या साधनाच्या) इलेक्ट्रोडविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘नायट्रोजन-डोप्ड पोरस कार्बन’ या संज्ञेपाशी मी अडलो आहे. ‘पोरस’साठी ‘सच्छिद्र’ हा शब्द रुळलेला आहे. ‘डोप्ड’साठी (म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडे अणू आपल्या रचनेत सामावलेला) मात्र मी ‘नायट्रोजनयुक्त’ असे लिहिले आणि संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून मजकूर परत पाठवला. कोणता शब्द योजावा?

उत्तर : संपादकांची शंका रास्त आहे. अशा कार्बनचे पृष्ठफळ एका ग्रॅममागे १,००० चौरस मीटरहूनही अधिक असू शकते आणि ते मोजण्यासाठी उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला त्याच्या छिद्रांत नायट्रोजन वायूच शोषू देतात. त्यामुळे ‘नायट्रोजनयुक्त सच्छिद्र कार्बन’ असे वाचणाऱ्याला छिद्रांत वायू भरला आहे असे वाटले, तर दोष त्याचा नाही. येथे तर नायट्रोजनचा अणू कार्बनच्या अणूंच्या जाळीतच बसलेला असतो. ‘भेसळ’ हा शब्द दुधातल्या पाण्याने कायमचा बदनाम झाला आहे, आणि ‘अपमिश्रण’ कितीही शास्त्रीय वाटला तरी त्यातला ‘अप’ अपयश-अपमानाच्याच पंक्तीतला आहे. गुण वाढावा म्हणून हेतुपुरस्सर केलेल्या क्रियेला तो शोभत नाही. ‘रोपित’ म्हणावे, तर आयनांच्या (विद्युत्भारित अणूंच्या) रोपणासाठी, म्हणजे ते वेगाने पदार्थात घुसवण्यासाठी, तो शब्द आधीच गुंतलेला आहे. मी ‘नायट्रोजनजडित’ सुचवतो, कारण कोंदणात खडा बसावा तसा अणू जाळीत बसतो, हे त्यातून चटकन उमगते.

दुसरे मत : शब्द देखणा आहे, पण कोंदणात खडा मागाहून बसवतात. कोळंबीच्या टरफलांतल्या कायटिनपासून कार्बन करताना नायट्रोजन मूळ पदार्थातच असतो आणि भाजताना त्याचा काही भाग जाळीत टिकून राहतो. हे भरतकाम नव्हे, पैठणीच्या पदरातला मोर आहे, तो विणतानाच येतो. शिवाय सगळे अणू सारखे बसत नाहीत. पायरिडिनिक नायट्रोजन षट्कोनी कड्यात, पण जाळीच्या काठावर, दोनच कार्बनांना धरून असतो. पायरॉलिक पंचकोनी कड्यात असतो. ग्राफिटिक मात्र जाळीच्या आत तीन कार्बनांना जोडलेला असतो. म्हणून मला ‘गुंफित’ बरा वाटतो.

उत्तर : पैठणीचा दृष्टान्त मान्य, निष्कर्ष नाही. सिलिकॉनच्या वितळलेल्या रसातच बोरॉन घातला किंवा तयार चकतीत तो नंतर मुरवला, तरी दोन्हींना ‘डोप्ड’च म्हणतात, संज्ञा पदार्थाची स्थिती सांगते, कृतीचा क्रम नव्हे. ‘गुंफित’मध्ये लांब धागा डोळ्यांपुढे येतो, सुटा अणू येत नाही. कृतीला मात्र खुशाल ‘डोपिंग’च म्हणावे, फक्त क्रीडापानावरच्या अर्थाशी गल्लत होणार नाही एवढे पाहावे. जाता जाता, ‘सूक्ष्मछिद्र’ जपून वापरा. या शास्त्रात ते २ नॅनोमीटरहून लहान छिद्राचेच नाव आहे. २ ते ५० नॅनोमीटरचे ते मध्यछिद्र आणि त्यापुढचे स्थूलछिद्र.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे : ‘नायट्रोजनजडित सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडमध्ये विद्युत्भार छिद्रांच्या भिंतींलगत साठतो आणि जाळीतल्या नायट्रोजनमुळे त्या भिंती विद्युत्-अपघटनी द्रावणाने अधिक सहज भिजतात.’ ‘सुपरकपॅसिटर’ मी तसाच ठेवला आहे. पंख्याचा कपॅसिटर घरोघरी ठाऊक असताना ‘महाधारित्र’ लिहून वाचकाला शब्दकोशाकडे धाडणे मला पटले नाही.