पीएलआयचा लाभ लहान जॉबवर्क कारखान्याला मिळतो का?

भोसरीकर:
भोसरी औद्योगिक वसाहतीत माझा सहा सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांचा कारखाना असून वाहनांच्या सुट्या भागांचे टर्निंग (कातकाम) आम्ही जॉबवर्कवर, म्हणजे इतर कंपन्यांसाठी मजुरीने, करतो. वार्षिक उलाढाल चार कोटींच्या आसपास आहे. २०१४ पासून ‘मेक इन इंडिया’ आणि २०२० पासून ‘पीएलआय’ (उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना) ही नावे ऐकतो आहे. परंतु आमच्यासारख्यांना त्यांतून नेमके काय मिळते? त्यातच एका ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागाने मला उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) रद्द करण्याचे सुचवले आहे. ती रद्द करावी का?

जुना पुरवठादार:
पीएलआयची आशा सोडून द्यावी. वाहन क्षेत्रासाठीची ही योजना २५,९३८ कोटी रुपयांची असली, तरी सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगसमूहाची उलाढाल किमान ५०० कोटी आणि स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक १५० कोटी असावी, अशी तिची अट आहे. शिवाय प्रोत्साहन मिळते ते प्रगत तंत्रज्ञानाच्या उत्पादनांच्या विक्रीवर. मूल्यवर्धन देशात किमान ५० टक्के व्हावे, या अटीमुळे मोठ्या कंपन्या इथल्या पुरवठादारांकडे वळतील आणि काम झिरपत खाली येईल, असा यामागचा तर्क आहे. तो चुकीचा नाही; मात्र झिरपलेल्या कामाचे पैसे कधी मिळतील, याविषयी ही योजना काही सांगत नाही.

हिशेबनीस, सातारा:
उद्यम नोंदणी मुळीच रद्द करू नका. प्राप्तिकर कायद्यात २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आलेल्या तरतुदीनुसार, सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. मध्यम उद्योगांना हे संरक्षण नाही, म्हणून काही खरेदीदार नोंदणी नसलेला किंवा मध्यम गटातला पुरवठादार शोधू लागले. तुम्हाला मिळालेला सल्ला त्यातलाच दिसतो. परंतु १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल अशी वाढल्याने ती पळवाट पुष्कळच अरुंद झाली आहे. माझ्या मते देशी उत्पादनाच्या दृष्टीने हा नियम कित्येक गाजावाजा झालेल्या घोषणांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

भोसरीकर:
आभारी आहे. आमच्या खरेदी आदेशाच्या मागे बारीक अक्षरात ‘९० दिवस’ असे छापलेले आहे. त्यावर मीच सही केली आहे.

हिशेबनीस, सातारा:
सही असली तरी ४५ दिवसांपलीकडची मुदत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यापुढे टिकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. काम जाईल या भीतीने ते कोणी मागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही एक काळजी घ्या. दिवस मोजले जातात ते माल स्वीकारल्यापासून, आणि खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती दूर झाल्यापासून. म्हणून गेटवर शिक्का मारलेली डिलिव्हरी चलनाची प्रत चालकाच्या खिशात न ठेवता त्याच दिवशी फाइलला लावा, आणि रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाची रक्कम कापल्याची सूचना) महिन्याभराने आली, तर हरकतीची मुदत संपल्याचे लगेच लेखी कळवा.