विषय: ग्योटिंगेनला बघायला काय आहे?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
आपल्या मराठी मंडळाची सप्टेंबरमध्ये एका शनिवारी एक दिवसाची सहल काढायची आणि इथलं, जर्मनीतलं, जुन्या विद्यापीठाचं एखादं गाव बघायचं, इथपर्यंत एकमत आहे. पुढे दोन तट पडलेत. अर्ध्या लोकांना हायडेलबर्ग हवंय, पण हानोफरहून तिथे जाऊन त्याच दिवशी परतायचं म्हणजे मुलांचे आणि आजी-आजोबांचे हाल. ग्योटिंगेन जवळ आहे. पण तिथे डोंगरावर किल्ला नाही, मोठी नदी नाही, मग बघायचं काय, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. तिथे राहणाऱ्या कोणी जरा सविस्तर लिहाल का?

प्रेषक: ग्योटिंगेनचे एक सभासद

मंडळी, नमस्कार.
मी इथेच शिकलो आणि नोकरीही इथेच केली, त्यामुळे माझं माप या गावाच्या बाजूने झुकणार, हे धरूनच वाचा.

गाव सुमारे सव्वा लाख वस्तीचं आणि त्यात वीस हजारांहून जास्त विद्यार्थी. त्यामुळे सत्र सुरू असताना रस्त्यावर सायकली आणि तरुण चेहरेच जास्त दिसतात. दुसऱ्या महायुद्धात जुना भाग बराचसा वाचला, म्हणून लाकडी चौकटींची घरं अजून उभी आहेत. सुरुवात या घरांच्या भिंतींपासूनच करा. जागोजागी पांढऱ्या पाट्या दिसतील: या घरात अमुक विद्वान अमुक साली राहत होते. कुठे खगोलशास्त्रज्ञ, कुठे कवी, कुठे कायदेपंडित. मुलांना पाट्या शोधायला सांगा, दुपार कशी सरली ते कळणार नाही.

विद्यापीठ 1737 साली सुरू झालं. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच हानोफरचाही राज्यकर्ता होता, त्याचं नाव विद्यापीठाला आहे. हायडेलबर्ग 1386चं, म्हणजे त्यामानाने हे फार तरुण. पण उभारणीचं काम पाहणाऱ्या म्युनहाउझन या मंत्र्याने दोन गोष्टी नेमक्या केल्या. धर्मशास्त्राच्या विभागाला इतर विभागांच्या लिखाणावर सेन्सॉरशिप चालवू दिली नाही, आणि ग्रंथालय वापरण्यासाठी उभं केलं. त्या काळी बऱ्याच ठिकाणी पुस्तकं कुलपात असत, इथे ती विद्यार्थ्यांच्या हाती पडत. पुढची सगळी कीर्ती या दोन निर्णयांतून आली, असं माझं ठाम मत आहे.

गणितज्ञ गाऊस इथेच प्राध्यापक होता. त्याने आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबरने 1833 साली घरांच्या छपरांवरून तार ओढून वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा जोडली आणि तारेने संदेश पाठवले. दोघांचा पुतळा गावाच्या जुन्या तटबंदीजवळ आहे. तटावर आता झाडीतली पायवाट आहे. आजी-आजोबांनाही तासाभरात सावकाश फेरी मारता येईल, चढ जवळजवळ नाही.

बाजारचौकात हंसवाल्या मुलीचं कारंजं आहे, गेन्झेलीझल. मूर्ती 1901ची. डॉक्टरेट मिळालेला विद्यार्थी फुलं घेऊन कारंज्यावर चढतो आणि तिचा मुका घेतो. 1926 साली यावर बंदीही घातली गेली, पण प्रथा टिकली. त्या शनिवारी कोणाची मिरवणूक असली तर थांबून बघा. घरून आलेले आईवडील, मित्र, हातगाडीत बसवलेला नवा डॉक्टर, सगळे मनापासून आनंदात असतात.

मला सर्वांत प्रिय आहे ते डोरोथेआ श्लोत्सरचं प्रकरण. प्राध्यापकाची ही मुलगी 1787 साली, सतरा वर्षांची असताना, इथे पीएचडी झाली. पण चर्चमधल्या पदवी समारंभाला अविवाहित मुलीने यायचं नाही, म्हणून स्वतःचीच पदवी तिने ग्रंथालयाच्या खिडकीच्या फुटक्या काचेतून पाहिली, असं सांगतात. ते चर्च, पाउलिनरकिर्शे, आजही ग्रंथालयाचा भाग आहे. आपल्या मुलींना ते दाखवाच.

प्रेषक: एक सभासद, ब्राउनश्वाइग

काका, तुम्ही पुण्याचं नाव घेतलं नाहीत, ते मी घेते. माझं संस्कृतचं शिक्षण पुण्यात झालं, म्हणून राहवत नाही.

जर्मन संस्कृतपंडित फ्रान्झ कीलहॉर्न हे 1866 ते 1881 पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. शास्त्रीबुवांकडून त्यांनी व्याकरण पारंपरिक पद्धतीने शिकून घेतलं. नागोजीभट्टांच्या परिभाषेन्दुशेखर या व्याकरणग्रंथाचा इंग्रजी अनुवाद तिथेच झाला. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत 1880 ते 1885 या काळात तीन खंडांत निघाली, आणि मधल्याच काळात, 1882 साली, ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. म्हणजे आम्ही जी प्रत टेबलावर उघडून बसायचो, तिचं काम पुण्यात सुरू झालं आणि तुमच्या गावात पुरं झालं. पुढे तीच आवृत्ती काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी सुधारून भांडारकर संस्थेतर्फे काढली.

डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांच्या जागी रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, आणि 1885 साली ग्योटिंगेननेच त्यांना डॉक्टरेट दिली. "डॉ. भांडारकर" हे नाव आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातली ही "डॉ." ग्योटिंगेनची आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल? मराठी मंडळाने या गावी जायला मला एवढं कारण पुरे आहे.

प्रेषक: सहल समिती

ताई, काका, मनापासून आभार. आता बहुतेकांचा कल ग्योटिंगेनकडे आहे. एका पालकांचा प्रश्न: नाझी राजवटीतल्या 1933चा विषय काढावा का? सहलीत दहा-बारा वर्षांची मुलं आहेत.

प्रेषक: ग्योटिंगेनचे एक सभासद

काढावा. तो गाळला तर हे गाव कळणारच नाही.

1920च्या दशकात गणित आणि भौतिकशास्त्र शिकायला जग इथे येत होतं. गणितज्ञ हिल्बर्ट इथे, भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न आणि जेम्स फ्रांक इथे. अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरची डॉक्टरेट 1927 साली बॉर्नच्या हाताखाली झाली. हायझेनबर्ग, बॉर्न आणि योर्डान यांनी 1925 साली पुंजयामिकीचं (क्वांटम मेकॅनिक्सचं) नवं गणित इथेच मांडलं. गणितज्ञ एमी नोएदर बाई म्हणून आधी हिल्बर्टच्या नावावर व्याख्यानं देत, अधिकृत परवानगी 1919 साली मिळाली. आणि ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणाऱ्या एप्रिल 1933च्या नाझी कायद्यानंतर काही महिन्यांत हे सगळं उधळलं. नोएदर, बॉर्न, कुरांट यांना काढलं. फ्रांक यांना पहिल्या महायुद्धातल्या सेवेमुळे सूट होती, तरी त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. तेव्हा याच विद्यापीठातल्या 42 अध्यापकांनी फ्रांक यांच्याविरुद्ध पत्रक काढलं. मला ज्यूंना घालवणाऱ्या सरकारइतकाच या 42 सह्यांचा राग येतो. 10 मे रोजी आज जिथे आल्बानीप्लात्स आहे तिथे पुस्तकं जाळली. गाऊसची कबर तिथून अगदी जवळ आहे.

मुलांना याच्या जोडीने 1837 सांगा. हानोफरच्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी विरोध केला आणि सातही जणांची नोकरी गेली. त्यांत तारवाला वेबर होता आणि परीकथांचे दोघे ग्रिम बंधूही. याकोब ग्रिमला तर तीन दिवसांत राज्य सोडावं लागलं. त्याच विद्यापीठात शंभर वर्षांच्या आत उलट घडलं. दहा वर्षांच्या मुलाला हे नीट समजतं, मी माझ्या नातवाला सांगितलंय.

आता बेत. नीडरझाक्सन तिकिटावर, म्हणजे या राज्यातल्या एका दिवसाच्या तिकिटावर, पाच जण जाऊ शकतात आणि शनिवारी सकाळी नऊपर्यंत थांबावं लागत नाही. ज्यांच्याकडे डॉइशलांड तिकीट, म्हणजे देशभराचा मासिक पास, आहे त्यांचा तर प्रश्नच नाही, फक्त आयसीई या वेगवान गाडीत चढू नका, रीजनल गाडीनेच या. मी स्टेशनवर घ्यायला येतो. सकाळी श्टाटफ्रीडहोफ, म्हणजे गावाची दफनभूमी: तिथे आठ नोबेल मानकरी आहेत, प्लांक, बॉर्न, ओटो हान त्यांतलेच. हिल्बर्टच्या कबरीवर "आपल्याला जाणलंच पाहिजे, आपण जाणूच" या अर्थाचे त्याचे शब्द कोरलेत. दफनभूमी स्टेशनच्या पश्चिमेला आहे आणि जुनं गाव पूर्वेला, म्हणून आधी बस घेऊ. डबे तटावर खाऊ, बाकं भरपूर आहेत. दुपारी चौक, पाउलिनरकिर्शे, आल्बानीप्लात्स. चहाच्या वेळी वेंडर श्ट्रासेवर क्रॉन उंट लांझमध्ये केक, दुकान 1876चं आहे, पण शनिवारी गर्दी असते. किती जण येणार ते आठ दिवस आधी कळवा.